तीतो गोब्बी: ऑपेराचा रंगमंच आणि सिनेमाचा पडदा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तीतो गोब्बी कोण होते?

इटलीचे ऑपेरा गायक; आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधल्या पट्टीतला. जन्म २४ ऑक्टोबर १९१३, उत्तर इटलीतलं बासानो देल ग्राप्पा; निधन १५ मार्च १९८४, रोम. ऑपेरातल्या शंभराच्या आसपास भूमिका आणि पंचविसाच्या आसपास चित्रपट एवढा त्यांचा पसारा आहे. विसाव्या शतकात त्यांच्यापेक्षा भारदस्त किंवा गोड आवाजाचे बॅरिटोन होऊन गेले. पण गाताना चाललेला विचार ऐकणाऱ्याला समजावा, ही ताकद त्यांच्याइतकी फार थोड्यांकडे होती. रंगमंच आणि कॅमेरा ही दोन्ही माध्यमं त्यांनी तरुणपणापासून एकत्र हाताळली, त्याचा यात मोठा वाटा आहे.

ते गाण्याकडे कसे वळले?

पादुआच्या विद्यापीठात ते कायदा शिकत होते. घरोब्याचे एक बॅरन, आगोस्तिनो झांकेत्ता, यांनी त्यांचा आवाज हेरला आणि गाणं शिकायचा सल्ला दिला. मग रोममध्ये जुलिओ क्रीमी यांच्याकडे तालीम सुरू झाली. क्रीमी हे टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचे गायक. १९१८ साली न्यूयॉर्कच्या मेटमध्ये (मेट्रोपॉलिटन ऑपेरा) इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या ‘इल ताबार्रो’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्यातला प्रियकर लुईजी त्यांनी उभा केला होता. पुढे याच ऑपेरातला नवरा मिकेले, म्हणजे लुईजीचा खून करणारा, ही शिष्याच्या गाजलेल्या भूमिकांपैकी एक ठरली.

पहिली भूमिका १९३५ साली गुब्बियोत, ‘ला सोनाम्बुला’मधला काउंट रोदोल्फो. हा भाग खरं तर बासचा, म्हणजे सर्वांत खालच्या पुरुषी आवाजाचा, त्यांच्या आवाजाला खोल पडणारा. १९३६ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी बाजी मारली आणि १९३७ मध्ये रोमला ‘ला त्राव्हियाता’त नायकाचा बाप जेर्मों केला. पियानोवादक तिल्दा दे रेन्सिस ही त्यांची पत्नी. तिल्दाच्या बहिणीचं लग्न बल्गेरियन बास बोरिस क्रिस्तोफ यांच्याशी झालं, त्यामुळे ‘दोन कार्लो’च्या ध्वनिमुद्रणात राजा फिलिप आणि रोद्रीगो समोरासमोर गातात ते साडूभाऊ आहेत.

बॅरिटोन म्हणजे आवाजाचा पल्ला नेमका कुठून कुठे?

पियानोवरचा मधला सी धरा. त्याच्या खाली दहा पट्ट्या उतरलात (पांढऱ्याच मोजायच्या, तो सी धरून) की जो ए लागतो तिथपासून, मधल्या सीच्या वरच्या जीपर्यंत इटालियन बॅरिटोनचं बहुतेक काम चालतं. इटालियन संगीतकार व्हर्दीने अडचण करून ठेवली ती वेगळीच. या पल्ल्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात तो गायकाला सतत ठेवतो, म्हणून आवाज मोठा असूनही थकतो. ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरातल्या ‘पारी सियामो’ या गाण्याच्या शेवटी व्हर्दीने ई लिहिला आहे, पण रंगमंचावर बहुतेक गायक परंपरेने तिथे जी लावतात. टाळ्या त्या जीला मिळतात आणि धोकाही तिथेच असतो.

गोब्बींची कमजोरी याच भागात होती. एफच्या वर त्यांचा आवाज जोरात लावला की कडक होई, कधी कधी उघडा पडे. हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावं. मात्र त्याच उंचीवर हळू गाताना ते कमाल करत. व्हर्दीच्याच ‘सिमोन बोक्कानेग्रा’च्या १९५७ च्या ध्वनिमुद्रणात बाप-लेकीची ओळख पटते त्या प्रसंगाच्या शेवटी ‘फील्या’, म्हणजे ‘लेकी’, हा एकच शब्द एफवर अगदी हलका सोडायचा असतो. तो ऐकला की वरच्या कडक स्वरांची तक्रार करायला मन धजत नाही.

मायक्रोफोन नसताना एवढ्या वाद्यवृंदावरून आवाज पोहोचतो कसा?

ताकदीने नाही, आवाजाच्या घडणीने. पक्क्या तालमीच्या पुरुष आवाजात सुमारे २,८०० ते ३,२०० हर्ट्झच्या पट्ट्यात ऊर्जा एकवटते. वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे त्या मोकळ्या जागेतून आवाज वाट काढतो. नवशिका बॅरिटोन मात्र वाद्यं वाढली की छाती भरून ओरडू लागतो. तेव्हा खालचा घुमारा वाढतो, जो वाद्यांत बुडूनच जातो, आणि तिसऱ्या अंकापर्यंत गळा बसतो. हीच धार मायक्रोफोनजवळ बोचते. म्हणून ऑपेरा गायकाला स्टुडिओत लांब उभं करतात आणि मोठ्या स्वराला तो स्वतःही मान वळवतो किंवा मागे सरकतो.

स्कार्पिया म्हटलं की गोब्बीच का?

पुच्चीनीचा ‘तोस्का’ १४ जानेवारी १९०० रोजी रोमच्या तेआत्रो कोस्तान्झीत पहिल्यांदा झाला. कथा जून १८०० मधल्या रोमची, दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंतची. तोस्का ही गायिका, काव्हारादोस्सी हा तिचा चित्रकार प्रियकर आणि बॅरन स्कार्पिया हा पोलीसप्रमुख. पडदा उघडताच वाद्यवृंद तीन मोठे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) वाजवतो: बी फ्लॅट मेजर, ए फ्लॅट मेजर आणि या दोघांना अगदी परका वाटणारा ई मेजर. ही स्कार्पियाची खूण. माणूस मंचावर यायला बराच वेळ असतो, पण त्याची दहशत आधीच हजर असते.

इथेच बहुतेक गायक फसतात. संगीतच एवढं भयंकर आहे म्हटल्यावर ते पहिल्या वाक्यापासून गुरगुरतात. गोब्बींनी त्याला उमराव ठेवला. चर्चमध्ये पोरांचा गोंधळ चाललेला असताना तो आत येतो, सगळं चिडीचूप होतं, आणि तो ‘चर्चमध्ये हा असला दंगा!’ एवढंच म्हणतो. दरारा वाद्यांनी दाखवून झालेला असतो, गायकाने फक्त बोलायचं असतं. तोस्काला तो तीर्थाचं पाणी पुढे करतो तेव्हा गोब्बींचा आवाज रेशमासारखा असतो, आणि त्या सौजन्याचीच भीती वाटते.

पहिल्या अंकाचा शेवट, म्हणजे ‘ते देउम’ हे चर्चमधलं स्तोत्र चालू असतानाचा प्रसंग, ही खरी कसोटी. दोन घंटा बी फ्लॅट आणि एफ या स्वरांवर आळीपाळीने सुरू राहतात. वर तोफांचे आवाज, ऑर्गन, समूहगान. या सगळ्यातून एकट्या बॅरिटोनने स्वतःशी बोलल्यासारखं गायचं आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं. ज्यांनी सुरुवातीलाच सगळा जोर लावला त्यांच्याकडे दुसऱ्या अंकासाठी काही उरत नाही, आणि दुसरा अंक तर जवळजवळ सगळा स्कार्पियाचाच. गोब्बी इथे व्यंजनांवर भर देत. स्वर वाढवण्याऐवजी शब्दाची सुरुवात तासून घेत, त्यामुळे कमी श्वासातही शब्द स्पष्ट येई.

‘तोस्का’चं १९५३ चं ध्वनिमुद्रण एवढं का नावाजलं जातं?

ऑगस्ट १९५३, मिलानचं ला स्काला ऑपेरागृह. व्हिक्तोर दे साबाता यांचं संचालन. तोस्का मारिया कॅलस, काव्हारादोस्सी जुझेप्पे दि स्तेफानो आणि स्कार्पिया गोब्बी. निर्माते वॉल्टर लेग. मुद्रण मोनो आहे, आणि ऐकायला बसल्यावर पाच मिनिटांत त्याची आठवणही राहत नाही.

दे साबातांनी पहिल्या अंकातलं गाणं आपल्याकडून तीस वेळा गाऊन घेतलं, एकेका अक्षराचा रोख बदलत, असं गोब्बींनी पुढे सांगितलं आहे. ‘ते देउम’ ऐकताना याचा पुरावा मिळतो: तीच ओळ पुन्हा येते तेव्हा तिचा रंग कधीच आधीसारखा नसतो. स्टीरिओतलं १९६४ चं ध्वनिमुद्रण, संचालक जॉर्ज प्रेत्र, हेही कॅलस-गोब्बींचंच आहे. पण दोघांचेही आवाज तोवर झिजले होते. आधी १९५३ ऐका.

कॅलस आणि गोब्बींना प्रत्यक्ष अभिनय करताना कुठे पाहता येईल?

दोन चित्रणं आहेत, दोन्ही दुसऱ्या अंकाची, दोन्ही कृष्णधवल. एक पॅरिस ऑपेरातल्या १९ डिसेंबर १९५८ च्या कार्यक्रमाचं. दुसरं लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहातलं, ९ फेब्रुवारी १९६४. दिग्दर्शन फ्रांको झेफिरेल्ली, संचालन कार्लो फेलीचे चिल्लारिओ. एकच बघणार असाल तर लंडनचं बघा.

एक जागा सांगतो. तोस्का प्रियकराच्या सुटकेची किंमत विचारते: ‘क्वान्तो?’, किती? स्कार्पिया तोच शब्द तिला परत देतो: ‘क्वान्तो?’ ती म्हणते, ‘किंमत!’ संहितेत यानंतर तो हसतो एवढीच सूचना आहे. पुष्कळ गायक इथे खलनायकाचं गडगडाटी हास्य करतात आणि प्रसंगाची हवा काढून टाकतात, कारण लगेच पुढची ओळ लांब, सुरेल आणि संथ आहे. हसण्यात श्वास गेला की ती ओळ तुटते. गोब्बी बेताने हसतात आणि तोच श्वास पुढे गाण्यात नेतात. लोक मला विकाऊ म्हणतात, पण सुंदर स्त्रियांकडून मी पैसे घेत नाही, हे वाक्य मग जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांसारखं येतं.

कॅलसनी रंगमंचावर शेवटचा ऑपेरा गायला तो ५ जुलै १९६५ रोजी, याच कॉव्हेंट गार्डनमध्ये. ‘तोस्का’च, आणि समोर गोब्बीच.

त्यांचे महत्त्वाचे चित्रपट कोणते?

सुरुवात १९३७ साली लुईस ट्रेंकरच्या ‘कोन्दोत्तिएरी’तल्या छोट्या कामाने झाली. भर मात्र १९४६ ते १९५० या काळात. युद्धानंतर इटलीत ऑपेरा-चित्रपटांची लाट आली. कथा लोकांना पाठ, गायक घरचे, आणि संगीतामुळे परदेशातही खपणारा माल.

कार्मिने गाल्लोनेचा ‘रिगोलेत्तो’ (१९४६) आणि मारिओ कोस्ताचा ‘सेव्हिलचा न्हावी’ ही जोडी आधी बघावी. पहिल्यात कुबड्या विदूषक, दुसऱ्यात चपळ फिगारो. एकाच माणसाचं शरीर इतकं बदलू शकतं हे बघण्यासारखं आहे. कोस्ताच्याच ‘पाल्याच्ची’त (१९४८) त्यांनी तोनिओ आणि सिल्व्हिओ अशा दोन्ही भूमिका केल्या. दोन्ही बॅरिटोनच्याच असल्याने हे जमलं, पण एक विद्रूप आणि सूडाने पेटलेला, दुसरा देखणा प्रियकर. नायिका नेद्दाच्या भूमिकेत जीना लोल्लोब्रिजीदा आहे.

‘दाव्हांती आ लुइ त्रेमाव्हा तुत्ता रोमा’ (१९४६) हा वेगळाच प्रकार. जर्मनांच्या ताब्यातलं रोम, एका इंग्रज सैनिकाला लपवणारे ऑपेराचे कलावंत, आणि मंचावर चाललेला ‘तोस्का’. नायिका आन्ना मान्यानी. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं असताना रोमच्या प्रेक्षकांना स्कार्पियाच्या छळखोलीत काय दिसलं असेल, याची कल्पना हा चित्रपट बघताना येते.

‘द ग्लास माउंटन’ (१९४९) हा ब्रिटिश चित्रपट. संगीत नीनो रोता यांचं. गोब्बी त्यात जवळजवळ स्वतःच्याच रूपात, तीतो या नावाने आहेत. ऑपेराच्या वाटेला न जाणाऱ्या इंग्रजांना त्यांचं नाव कळलं ते या चित्रपटामुळे.

ऑपेरा-चित्रपटात ते प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर गात होते का?

नाही. पद्धत आपल्याकडच्या पार्श्वगायनासारखीच: आधी वाद्यवृंदासह पूर्ण ध्वनिमुद्रण, मग सेटवर ते कर्ण्यातून वाजवायचं आणि गायकाने ओठ जुळवायचे. फरक एवढाच की इथे आवाज त्याचाच.

यात चुका होतात त्या तीन ठिकाणी. पहिली, श्वास. मुद्रणात जिथे श्वास घेतला तिथेच चित्रीकरणातही छाती हलली पाहिजे. गाणं आधीच कधीतरी गाऊन ठेवलेलं असतं, त्यामुळे जागा लक्षात राहत नाहीत आणि पडद्यावर माणूस श्वास न घेता गाताना दिसतो. उपाय म्हणजे स्वरलिपीवर प्रत्येक श्वासाची खूण करून ठेवणं. दुसरी, तोंड. थिएटरमध्ये पूर्ण आवाज लावताना जबडा जितका उघडतो तितका क्लोजअपमध्ये उघडला तर जीभ आणि दाढाच दिसतात. उलट नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा निपचित राहतात आणि सोंग उघडं पडतं. म्हणून चांगले गायक सेटवर पाव आवाजात खरंच गातात. तिसरी, लय. मुद्रण झालं की वेळ ठरून गेली. पाच पावलं चालून दारापर्यंत जायला संगीत चार सेकंदच देत असेल तर दार जवळ आणावं लागतं.

गोब्बींना यातून मोठा फायदा झाला असं आमचं ठाम मत आहे. कॅमेरा भुवईसुद्धा मोठी करून दाखवतो, त्यामुळे हातवारे गाळायची सवय लागते. त्यांच्या पुढच्या काळातल्या भूमिकांत हात क्वचितच उठतात, आणि उठतात तेव्हा कारण असतं.

काही पात्रांचा चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, असं का?

निर्मात्याला पडद्यावर तरुण, देखणा चेहरा हवा असे. ‘रिगोलेत्तो’त नायकाची मुलगी जिल्दा म्हणून दिसते मार्चेल्ला गोव्होनी, आवाज लीना पाल्यूगी यांचा. ‘पाल्याच्ची’त लोल्लोब्रिजीदासाठी ओनेलिआ फिनेस्की गायल्या, तर ‘दाव्हांती आ लुइ’त मान्यानींसाठी एलिझाबेत्ता बार्बातो. गोब्बींना उसना आवाज लागत नव्हता आणि उसना चेहराही. उलट त्यांचाच आवाज उसना गेला: १९५३ च्या ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’त आल्फिओ झालेल्या अँथनी क्विनचं गाणं गोब्बींचं आहे.

एक हळहळ मात्र राहते. गाल्लोनेने १९५६ मध्ये ‘तोस्का’ रंगीत चित्रपटात केला, पण स्कार्पिया म्हणून दिसतात आफ्रो पोली आणि आवाज जानजाकोमो ग्वेल्फी यांचा. गोब्बींचा संपूर्ण स्कार्पिया चित्रपटात आलाच नाही.

जुन्या चित्रपटांच्या प्रतीत आवाज पातळ आणि चढा का लागतो?

चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगाने घेतलेला असतो. युरोपातल्या टीव्हीसाठी प्रत काढताना तो २५ च्या वेगाने चालवत. त्यामुळे सगळं सुमारे ४ टक्के जलद होतं आणि स्वर जवळजवळ पाऊण सेमीटोन (पियानोवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं, काळ्या धरून, अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढतो. बॅरिटोनचा घुमारा इथेच जातो.

तपासायचं कसं? ‘रिगोलेत्तो’तलं ‘ला दोन्ना ए मोबिले’ बी मेजरमध्ये आहे. मोबाइलवरचं ट्यूनर लावा. षड्ज बीऐवजी सीच्या जवळ दाखवत असेल तर प्रत जलद आहे. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. मात्र हे प्लेअर वेग बदलला तरी स्वर मूळ जागी धरून ठेवतात. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केली नाही तर गाणं फक्त हळू होईल, स्वर चढाच राहील.

कुबड, पोट, नाक: या सोंगांत गाता येतं?

रंगभूषेचा विचार गोब्बी स्वतः करत, आणि हात चित्रकाराचा होता. तांत्रिक अडचण श्वासाची. दीर्घ ओळीसाठी पाठीच्या खालच्या बरगड्या फुलाव्या लागतात. रिगोलेत्तोचं कुबड पाठीच्या मधोमध घट्ट बांधलं तर त्या आवळल्या जातात. म्हणून ते एका खांद्याच्या वरच्या बाजूला बसवतात आणि बाक कमरेतून न घेता मानेजवळून घेतात. व्हर्दीच्या ‘फालस्ताफ’चा लठ्ठ नायक फालस्ताफ, त्याचं खोटं पोट कमरेला पट्ट्याने आवळायचं नसतं, खांद्यावरून टांगायचं असतं. तरी उकाडा होतोच, आणि तीन अंक घामाने निथळत काढावे लागतात.

त्यांची तुलना आपल्या गायक-नटांशी करता येईल का?

अर्धीच. बालगंधर्व रंगभूमीवरून ‘धर्मात्मा’त (१९३५) आले, तेव्हा त्यांच्यापुढेही प्रश्न होता की मंचावरचं गाणं आणि रूप कॅमेऱ्यासमोर कसं टिकवायचं. पण नाट्यपदात गायकाला विस्ताराची मुभा असते, श्रोत्यांच्या दादेवर पद वाढतं. व्हर्दी-पुच्चीनीच्या ऑपेरात स्वर, त्याची लांबी, जोर, सगळं लिहिलेलं असतं. गायकाचं स्वातंत्र्य उरतं ते आवाजाच्या रंगात, शब्दफेकीत आणि लयीच्या बारीक ओढाताणीत. गोब्बींची सगळी प्रतिभा या चिंचोळ्या जागेत फुलली.

गाण्याव्यतिरिक्त त्यांनी काय केलं?

१९६५ मध्ये शिकागो आणि लंडन इथे ‘सिमोन बोक्कानेग्रा’चं दिग्दर्शन केलं आणि मुख्य भूमिकाही गायली. शिकागोच्या लिरिक ऑपेराशी त्यांचं नातं १९५४ च्या पहिल्या मोसमापासूनचं. फ्लोरेन्समध्ये तरुण गायकांसाठी त्यांनी कार्यशाळा चालवली. १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, आल्बान बेर्गच्या ‘व्होत्सेक’चा इटलीतला पहिला प्रयोग रोममध्ये झाला, त्यात मुख्य भूमिका त्यांची होती. नाझी जर्मनीत या संगीताला बंदी होती.

ऑपेरा कधीच ऐकला नाही. कुठून सुरुवात करू?

पूर्ण ऑपेरा लावून बसू नका. ‘रिगोलेत्तो’चं १९५५ चं ला स्कालाचं ध्वनिमुद्रण घ्या, संचालक तुल्लिओ सेराफिन, आणि त्यातलं ‘कोर्तिज्यानी’ ऐका. मुलगी पळवून नेलेल्या बापाचे तीन टप्पे: दरबाऱ्यांवर संताप, मग मारुल्लो या एकाची मनधरणी, मग चेलोच्या साथीने सगळ्यांपुढे पदर पसरणं. साडेचार मिनिटांच्या आत एकच आवाज तीन माणसांचा वाटतो.

त्यानंतर १९५६ चा संचालक कारायानचा ‘फालस्ताफ’, मग ‘जान्नी स्किक्की’ (१९५८), ज्यात नायक मेलेल्या म्हाताऱ्याचा आवाज काढून मृत्युपत्र सांगतो. ‘ओतेल्लो’ (१९६०) मधलं खलनायक इयागोने सांगितलेलं स्वप्न हेडफोनवर ऐका, कारण ते जवळजवळ कुजबुजत गायलं आहे. ‘तोस्का’ शेवटी. प्रत्येक वेळी इटालियन संहिता आणि भाषांतर शेजारी शेजारी उघडं ठेवा. जुन्या चित्रपटांच्या प्रतींना पुष्कळदा उपशीर्षकं नसतात, आणि गोब्बींचं निम्मं काम शब्दांत आहे.

मुंबईत राहून थिएटरचा अनुभव घेता येईल का?

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेटच्या प्रयोगांची चित्रणं मोठ्या पडद्यावर दाखवली जातात. गायक आजचे असतात, पण ‘तोस्का’ किंवा ‘रिगोलेत्तो’ लागला तर चुकवू नका. घरी गोब्बींचा तोच अंक ऐकून जा, आणि ‘क्वान्तो?’ नंतर समोरचा बॅरिटोन कसा हसतो याकडे लक्ष ठेवा.